वायफायचा पासवर्ड विसरला तर: रीसेट सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीला राहत्या घरी केबलवाल्याकडून घेतलेलं फायबरचं कनेक्शन आहे. राउटर बसवला तेव्हा मुलाने वायफायचा पासवर्ड ठेवला, आणि तो आता नोकरीसाठी पुण्यात आहे. घरातले फोन आपोआप जोडले जातात, त्यामुळे पासवर्ड कुणालाच आठवत नाही. आता नवा टीव्ही आणलाय आणि तो पासवर्ड मागतोय. शेजारी म्हणतात, राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घाला, रीसेट होईल, पासवर्ड निघून जाईल. करावं का?

नका करू. पासवर्ड निघून जाईल हे खरं, पण त्याच्याबरोबर राउटरमधलं बाकी सगळंही जाईल. केबलवाल्याच्या माणसाने पहिल्या दिवशी बसून भरलेली कनेक्शनची माहितीही त्यात गेली. मी घरगुती नेटवर्कची कामं करतो. मला येणाऱ्या फोनपैकी सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "रीसेट केला आणि तेव्हापासून नेटच नाही". पासवर्ड विसरणं ही पाच मिनिटांची अडचण आहे. रीसेट केल्यावर ती दोन दिवसांची होऊ शकते, कारण मग केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत हातात काहीच राहत नाही.

तुमच्या बाबतीत तर पासवर्ड हरवलेलाच नाही. जो फोन आत्ता वायफायला जोडलेला आहे, त्याच्या पोटात तो जसाच्या तसा लिहिलेला आहे. फक्त तो बाहेर काढायचा आहे.

अँड्रॉइड फोन असेल आणि आवृत्ती १० किंवा पुढची असेल, तर सेटिंगमध्ये वायफाय उघडा आणि जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर किंवा शेजारच्या गोल चाकावर बोट ठेवा. तिथे 'शेअर' असं बटण दिसेल. काही फोनवर नावावर टॅप केलं की थेट चौकोनी क्यूआर कोड येतो. फोन आधी बोटाचा ठसा किंवा लॉकचा पिन मागेल, तो द्या. काही कंपन्यांच्या फोनमध्ये कोडच्या खालीच पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो, तसा असेल तर काम झालं. नसेल तर त्या कोडचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोटो गूगल लेन्सने वाचून घ्या, किंवा घरातल्या दुसऱ्या फोनच्या क्यूआर वाचणाऱ्या अॅपने वाचा. कोडच्या आत काहीही गुपित भाषा नसते, साधा मजकूर असतो. 'वायफाय' या इंग्रजी शब्दाने सुरुवात, टी अक्षरापुढे सुरक्षेचा प्रकार, एस अक्षरापुढे नेटवर्कचं नाव आणि पी अक्षरापुढे पासवर्ड. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. पासवर्डमध्ये स्वल्पविराम, अर्धविराम किंवा विसर्गासारखी दोन टिंबं असतील, तर कोडच्या मजकुरात त्यांच्या आधी एक उलटी तिरकी रेघ जास्तीची दिसते. ती पासवर्डचा भाग नसते. ती टीव्हीत टाकली की "चुकीचा पासवर्ड" असं येत राहतं आणि माणूस वैतागून पुन्हा टाचणी शोधायला लागतो.

हा स्क्रीनशॉट म्हणजेच पासवर्ड आहे, हेही ध्यानात असू द्या. सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "कुणाला वाचता येतंय का बघा" म्हणून टाकू नका. काम झालं की पुसून टाका.

आयफोनवर सॉफ्टवेअरची (आयओएसची) आवृत्ती १६ पासून सेटिंगमध्ये वायफाय, मग नेटवर्कच्या नावापुढचं गोलातलं 'आय' आणि 'पासवर्ड' या ओळीवर टॅप. चेहरा किंवा बोट ओळखून तो लगेच दाखवतो.

विंडोज लॅपटॉप वायफायला जोडलेला असेल तर कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत एनसीपीए डॉट सीपीएल असं इंग्रजीत टाइप करा आणि एंटर मारा. वायफायच्या चित्रावर दोनदा क्लिक, मग 'वायरलेस प्रॉपर्टीज', वरचा 'सिक्युरिटी' हा टॅब आणि 'शो कॅरेक्टर्स' समोर खूण. लॅपटॉप अॅडमिनची परवानगी मागेल. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर ती मिळत नाही, तेव्हा त्याच्यावर वेळ घालवू नका. मॅकवर सिस्टम सेटिंगमध्ये वायफायच्या यादीत नावापुढे तीन टिंबं असतात, त्यात पासवर्ड कॉपी करण्याची सोय आहे.

आता मुलाचं. त्याने हा पासवर्ड ठेवला तेव्हा त्याच्या फोनने तो साठवला असणार, आणि पुण्यात बसूनही तो फोनमध्ये आहेच. आयफोनवर वायफायच्या पानावर 'एडिट' दाबलं की पूर्वी जोडलेल्या सगळ्या नेटवर्कची यादी येते, तिथून जुन्या नेटवर्कचाही पासवर्ड दिसतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर 'सेव्ह्ड नेटवर्क्स' मधून असंच करता येतं. म्हणजे एक फोन लावून तुमचं काम होऊ शकतं. पासवर्ड सांगताना एकेक अक्षर, कॅपिटल की स्मॉल हे म्हणत लिहून घ्या.

"वायफायचा पासवर्ड दाखवणारं अॅप" म्हणून जे काही प्ले स्टोअरवर मिळतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. फोनच्या यंत्रणेत साठवलेला पासवर्ड अशा अॅपला वाचताच येत नाही. ते तुमच्याकडून लोकेशनपासून फोटोंपर्यंतच्या परवानग्या मात्र घेतात.

पासवर्ड न सापडताही टीव्ही जोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अगदी साधा: टीव्हीच्या मागे लॅन केबलची जागा असेल तर राउटरपासून केबल टाका. केबलला पासवर्ड लागत नाही, आणि टीव्ही राउटरच्या जवळ असेल तर मी तसंही केबलच सुचवतो. दुसरा मार्ग डब्ल्यूपीएस नावाच्या बटणाचा. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डब्ल्यूपीएसचा पर्याय निवडायचा आणि दोन मिनिटांच्या आत राउटरवरचं ते बटण एकदा दाबायचं, की राउटर स्वतःच टीव्हीला पासवर्ड देतो. ही सोय अँड्रॉइड ९ पासून फोनमधून काढून टाकली, पण टीव्ही आणि प्रिंटरमध्ये अजून सापडते. मात्र बटणाकडे नीट बघा. कितीतरी राउटरवर डब्ल्यूपीएस आणि रीसेट एकाच बटणावर असतात. थोडक्यात दाबलं तर डब्ल्यूपीएस, दहा सेकंद दाबून धरलं तर सगळं साफ. एकदा टिचकी मारल्यासारखं दाबा आणि बोट काढा.

समजा यातलं काहीच जमलं नाही. तरीही रीसेटची पाळी अजून आलेली नाही. राउटरला दोन वेगळे पासवर्ड असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक वायफायला जोडण्याचा, तो तुम्ही विसरला आहात. दुसरा राउटरच्या आतल्या पानावर जाण्याचा. हा दुसरा माहीत असेल तर पहिला आठवण्याची गरजच उरत नाही. नवा टाकायचा आणि जतन करायचा, राउटर जुना विचारत नाही.

आतलं पान उघडायला राउटरचा पत्ता लागतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या फायबरवर १९२.१६८.२९.१. अंदाज करत बसू नका. अँड्रॉइडवर त्या नेटवर्कच्या तपशिलात 'गेटवे' म्हणून आणि आयफोनवर 'राउटर' म्हणून तो लिहिलेला असतो. आकडे इंग्रजीत, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका. वायफायला जोडलेला एकही फोन नसेल तर लॅपटॉप केबलने राउटरला लावून हेच करा. आत जाण्याचं नाव आणि पासवर्ड राउटरच्या खालच्या किंवा मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. त्याच स्टिकरवर कंपनीने दिलेला मूळ वायफाय पासवर्डही असतो, कधी 'सिक्युरिटी की', कधी 'वायरलेस पिन', कधी 'पीएसके' या नावाने. मुलाने तो बदलला नसेल तर तुमचं उत्तर तिथेच चिकटवलेलं आहे, म्हणून स्टिकर आधी वाचा. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल, आठ आणि बी यांच्यात डोळे फसतात. स्टिकरचा फोटो काढून मोठा करून बघा.

पान उघडलं की 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन' या भागात पासवर्ड दिसतो, नाही दिसला तर बदलता येतो. नव्या राउटरवर हा आतला पासवर्ड कंपनी देतच नाही, पहिल्यांदा चालू करणाऱ्याला तो स्वतः ठेवावा लागतो. तुमच्याकडे तसं असेल तर तोही मुलालाच विचारावा लागेल.

केबलवाल्याला फोन करणं हाही एक मार्ग आहे आणि तो वापरायला संकोच करू नका. अनेक ठिकाणी त्यांना त्यांच्या कार्यालयातूनच तुमच्या डब्याचा वायफाय पासवर्ड बदलता येतो. जिओ आणि एअरटेलचे ग्राहक तर हे काम कंपनीच्या अॅपमधूनच करू शकतात. फक्त नंबर बिलावरचा किंवा पावतीवरचा घ्या. इंटरनेटवर 'कस्टमर केअर' म्हणून शोधल्यावर वर दिसणारे नंबर पुष्कळदा फसवणाऱ्यांचे असतात.

आता रीसेटकडे येऊ, कारण कधीकधी तो करावाच लागतो. आतल्या पानाचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, किंवा घर विकत घेतलं आणि आधीच्या मालकाचा राउटर भिंतीवर तसाच आहे, अशा वेळी दुसरा उपाय नसतो. पण त्याआधी भिंतीजवळ उभं राहून एक गोष्ट बघा: तुमच्याकडे डबा एक आहे की दोन?

बाहेरून येणारी बारीक फायबरची तार, जिच्या टोकाला बहुधा हिरवं टोपण असतं, ती ज्या डब्यात जाते त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. वायफायही त्याच डब्यातून येत असेल तर तुमचा डबा एक आहे. अशा डब्याला रीसेट मारणं सगळ्यात धोक्याचं, कारण कनेक्शनची सगळी ओळख त्यातच असते: खात्याचं नाव आणि पासवर्ड, ज्याला पीपीपीओई म्हणतात, शिवाय व्हीलॅनचा क्रमांक, म्हणजे केबलवाल्याच्या जाळ्यात तुमचं कनेक्शन कुठल्या वाटेने जातं त्याचा आकडा, आणि काही ठिकाणी डब्याची स्वतःची नोंदणी. मोठ्या कंपन्यांच्या काही डब्यांत ही माहिती रीसेटनंतर कंपनीच्या सर्व्हरवरून आपोआप परत येते. केबलवाल्याच्या किंवा स्थानिक भागीदारामार्फत घेतलेल्या कनेक्शनवर ती बहुतेक वेळा हाताने भरलेली असते, आणि परतही हातानेच भरावी लागते. तुम्हाला दिलेल्या साध्या लॉगिनने आत गेलात तर तो भाग दिसतही नाही, तो केबलवाल्याच्या लॉगिनलाच दिसतो. म्हणून एका डब्याच्या घरात माझा सल्ला एकच: केबलवाल्याशी बोलल्याशिवाय टाचणी लावू नका.

डबे दोन असतील, म्हणजे फायबर एका लहान डब्यात जाऊन तिथून जाड केबलने वायफायच्या राउटरच्या 'वॅन' असं लिहिलेल्या जागेत जात असेल, तर चित्र बदलतं. पीपीपीओई खातं पहिल्या डब्यात भरलेलं असेल तर दुसरा राउटर रीसेट केल्याने काही बिघडत नाही. पुन्हा वायफायचं नाव आणि पासवर्ड टाकला की नेट सुरू. पण पहिला डबा नुसताच आरपार जोडलेला असेल, ज्याला हे लोक 'ब्रिज' म्हणतात, तर खातं राउटरमध्ये असतं आणि रीसेटने ते जातं. कुठलं आहे हे राउटरच्या आतल्या पानावर 'इंटरनेट' किंवा 'वॅन' या भागात दिसतं. 'डायनॅमिक आयपी' लिहिलं असेल तर खात्याची काळजी नाही, 'पीपीपीओई' असेल तर आधी त्याचं नाव आणि पासवर्ड मिळवा. पानावर पासवर्ड ठिपक्यांनी झाकलेला असतो, तेव्हा तो केबलवाल्याकडूनच घ्यावा लागतो. आतलं पान उघडतच नसेल तर हा प्रश्न थेट त्यालाच विचारा.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. काही केबलवाले कनेक्शन एका ठरावीक यंत्राच्या मॅक पत्त्याला, म्हणजे प्रत्येक यंत्राला कारखान्यात मिळालेल्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवतात (वरच्या मॅक कॉम्प्युटरशी याचा संबंध नाही). पुढे कधी राउटर बदलला असेल, तर बसवणाऱ्याने जुन्या यंत्राचा पत्ता नव्या राउटरमध्ये 'मॅक क्लोन' म्हणून भरलेला असतो. रीसेटने तो पुसला जातो. मग खातं बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि तरी नेट येत नाही. अशा वेळी केबलवाल्याला "माझा मॅक बदललाय, बाइंडिंग काढा" एवढंच सांगा. त्याला लगेच कळतं.

आतल्या पानावर जाता येत असूनही काही कारणाने रीसेट करायचा असेल तर आधी त्या पानावरचे सगळे भाग एकेक करून फोनने फोटो काढून ठेवा, आणि 'बॅकअप' हा पर्याय असेल तर ती फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या.

प्रत्यक्ष रीसेट असा. राउटर चालू असताना, सिम काढायची पिन किंवा सरळ केलेली यू-पिन भोकात घालून दहा सेकंद किंवा जरा जास्त दाबून धरायची. सगळे दिवे एकदम विझले किंवा एकत्र लुकलुकले की सोडायची. मग दोन-तीन मिनिटं त्याला हात लावायचा नाही. या वेळात वीज जाता कामा नये. लाइट जाण्याची वेळ ठरलेली असेल तर ती टाळून करा, इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम. राउटर नुसता बंद करून चालू करणं म्हणजे रीसेट नव्हे, त्याने पासवर्ड जात नाही.

नंतर फोन स्टिकरवरच्या नावाला आणि पासवर्डने जोडा. फोन म्हणेल की या वायफायवर इंटरनेट नाही, आणि गुपचूप मोबाइल डेटावर जाईल. मग राउटरचं पान उघडणार नाही आणि तुम्हाला वाटेल राउटर गेला. मोबाइल डेटा बंद करा, पान उघडेल.

दिव्यांवरून पुढचं कळतं. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. तार वाकली आहे, सैल आहे किंवा बाहेर तुटली आहे, त्याचा रीसेटशी संबंध नाही. तार काढून तिच्या टोकाकडे डोळा लावून बघू नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. 'पॉन' हिरवा स्थिर आहे आणि 'इंटरनेट'चा दिवा लागत नाही, तर प्रकाश पोचतोय, खात्याची माहिती नाही. केबलवाल्याला हेच दोन दिवे सांगितलेत तर तो बऱ्याचदा फोनवरच काम उरकतो.

नवा पासवर्ड ठेवताना मोबाइल नंबर ठेवू नका. आपल्याकडे निम्म्या घरांत तोच असावा असं मला कामावरून वाटतं, आणि याची मला खरंच काळजी वाटते. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला प्रचंड, पण तुमच्या दारात उभं राहून फोन आणि राउटरची पहिली ओळख हवेतून टिपली, की बाकीचं काम घरी बसून कॉम्प्युटरवर करता येतं. चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला पाच लाख पासवर्ड तपासले जातात असं धरलं तरी सगळे नंबर सव्वादोन तासांत संपतात. त्याने फक्त तुमचा डेटा जात नाही. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्या घरात पोचले. वायफाय तुमच्या नावावर असतं, चौकशीही तुमच्या नावाने सुरू होते.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, आणि तो इंग्रजी अक्षरांतच ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द, मध्ये आडवी रेघ देऊन, सगळे स्मॉलमध्ये: टीव्हीच्या रिमोटने टाइप करायला सोपं आणि फोडायला अवघड. फक्त असे शब्द घ्या जे इंग्रजीत एकाच प्रकारे लिहिले जातात. 'कंदील'मध्ये एक आय की दोन ई, यावर पुढच्या दिवाळीत घरात वाद होतो. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा. डब्ल्यूपीए३ एकट्यावर ठेवलंत तर जुने टीव्ही आणि कॅमेरे जोडलेच जात नाहीत, 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय असेल तर तो घ्या. डब्ल्यूईपी कुठे दिसलं तर त्याला हात लावू नका, ते २००१ मध्येच फोडून दाखवलं गेलं आहे. काम झाल्यावर डब्ल्यूपीएस बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ पासून माहीत आहे. आतल्या पानाचा पासवर्डही त्याच बैठकीत बदला आणि दोन्ही कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. घरातला कागद चोरायला हॅकर येत नाही.

तुमच्या टीव्हीबद्दल शेवटचं. मुलाकडून बरोबर पासवर्ड मिळूनही टीव्ही जोडला नाही, तर तुमच्या राउटरवर एकाच नावाचे दोन बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन वेगळ्या लहरींवरचे वायफाय, चालू आहेत का बघा. स्वस्त टीव्हींपैकी पुष्कळ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि एकाच नावाखाली दोन्ही असतील तर काही गोंधळतात. आतल्या पानावर ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या, टीव्हीला २.४ चं नाव निवडून जोडा. टीव्हीने आधी चुकीचा पासवर्ड साठवला असेल तर 'फर्गेट' करून मग नवा टाका, नाहीतर तो जुनाच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.